त्यानंतरचा तास

प्रशिक्षणाला आलेला माणूस सगळ्यात आधी लक्षणं मागतो. एसटीचा वाहक असो, सरकारी दवाखान्यातली सिस्टर असो, की आजऱ्याकडच्या एखाद्या वाडीतली आशाताई, वही उघडली की प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, अशी पोरगी ओळखायची कशी?" माणसांची खरेदी-विक्री रोखायला आणि त्यातून सुटलेल्यांना उभं करायला ज्यांचं रोजचं काम उपयोगी पडू शकतं, अशा लोकांना प्रशिक्षण देण्याचं काम मी कोल्हापूर जिल्ह्यात बरीच वर्षं करते आहे. या प्रश्नाचं उत्तर मी देते, पण दुपारनंतर. सकाळीच दिलं तर लोक यादी लिहून घेतात आणि दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली मुलगी राहते, हात बांधलेली आणि मदतीसाठी ओरडणारी. तशी मुलगी मला अजून भेटलेली नाही. भेटल्या त्या बहुतेक स्वतःच्या पायांनी गाडीत चढलेल्या होत्या. अंगावर नवा ड्रेस होता, कामाला किंवा लग्नाला निघाल्या होत्या आणि सोबतच्या माणसाला मामा, मावशी, दादा म्हणत होत्या.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये बळजबरी आणि अपहरण आहे, तसं आमिष आणि फसवणूकही आहे. ती 'हो' म्हणाली होती, हा बचाव तिथे चालत नाही. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत किमान सात वर्षांची शिक्षा आहे, मूल असेल तर किमान दहा. एवढं सांगून मी कलमं बाजूला ठेवते. कलम पाठ असलेली, पण समोर मुलगी आल्यावर काहीच न सुचलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

कोल्हापुरात हे शिकवताना एक प्रकरण टाळता येत नाही. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबई अशा गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुलं पळवली, चोऱ्या करताना ढाल म्हणून वापरली आणि नकोशी झाल्यावर त्यातल्या अनेकांना मारून टाकलं. खटला इथल्याच सत्र न्यायालयात चालला आणि २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली गेली. दयेच्या अर्जावरच्या निर्णयाला झालेल्या दिरंगाईमुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या फाशीची जन्मठेप केली. जुन्या हवालदारांना हे सगळं आठवतं. मी त्यांना एकच विचारते : इतकी वर्षं कुणाला संशय कसा आला नाही? उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं. बाईच्या कडेवर मूल असेल तर आपण दुसऱ्यांदा बघत नाही.

पण लगेच दुसरी बाजूही सांगावी लागते. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ती माणसं पोटासाठी भिक्षा मागत फिरत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या जत तालुक्यात, लवंग्याला, उत्तर प्रदेशातून आलेल्या साधूंना याच अफवेवरून मारहाण झाली. म्हणजे ओळखीचा वाटणारा खरा गुन्हेगार नजरेतून सुटतो आणि परका, गरीब, भटका माणूस मार खातो. म्हणून कपडे, भाषा, जात, रंग यांवरून काढलेलं एकही लक्षण मी शिकवत नाही. कुणी मागितलं तरी देत नाही. बघायचं ते दोन माणसांमधलं नातं. तिचा फोन कुणाच्या खिशात आहे? तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोण देतंय? आपण कुठे चाललोय हे तिला माहीत आहे का?

हे दुपारी कळतं. खरी अडचण त्याच्या पुढची आहे.

एसटीच्या वाहकांच्या एका वर्गात एक ज्येष्ठ वाहक चहाच्या सुट्टीनंतर उठून उभे राहिले. (तपशील मी बदलले आहेत, या लेखात सगळीकडेच.) पुण्याच्या गाडीत त्यांच्याकडे एक माणूस आणि दोन मुली होत्या. तिकिटं त्याने काढली. पेठ नाका गेला, कराड गेलं, आणि एका मुलीने त्यांना हळूच विचारलं, "काका, हे कुठलं गाव?" साताऱ्यात पुन्हा तेच विचारलं. "मला तवाच कळलं मॅडम, कायतरी हाय म्हणून. ड्रायवरला सांगितलं. त्यो म्हणाला, भन हाय का काय हाय, तुला काय करायचं? स्वारगेटला उतरून गेली. मी नुसतं बगत राहिलो." मग हॉलमध्ये एकेक जण बोलू लागला. कुणाच्या गाडीत, कुणाच्या फलाटावर, कुणाच्या वॉर्डात. त्यांनी पाहिलं होतं, ओळखलंही होतं. फक्त ओळखल्यानंतरचा तास कसा काढायचा, हे त्यांना कधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या प्रशिक्षणाचा मोठा भाग या एका तासावर जातो. गाडीत आरडाओरडा करायचा नाही, त्या माणसाला जाब विचारायचा नाही, प्रवाशांना गोळा करायचं नाही. तसं केलं तर तो तिला घेऊन मधल्याच थांब्यावर उतरतो किंवा गाडीत दुसरा राईनपाडा घडतो. दोन फोन करायचे : मूल असेल तर १०९८, कुणीही असलं तरी ११२. गाडीचा नंबर, आत्ता कुठे आहोत, पुढचं स्थानक कुठलं आणि तिथे किती वाजता पोचू, एवढंच सांगायचं. पुढच्या स्थानकातल्या वाहतूक नियंत्रकाला कळवायचं, कारण बहुतेक मोठ्या स्थानकांत पोलीस चौकी असते. गाडी वेळेवर हाकायची. शक्य झालं तर तिच्याशी साधं काही बोलायचं, पाणी हवंय का, खिडकीशी बसायचंय का. ती एकटी नाही, एवढं तिला कळलं तरी पुढे चौकीत ती जास्त मोकळेपणाने बोलते.

मग भीतीचा विषय निघतो. "ती खरंच त्याची भन निघाली तर?" निघाली तर पोलीस दहा मिनिटं विचारपूस करतील आणि सोडतील. "मला साक्षीला कोर्टात बोलवतील का?" कधी कधी बोलावतात, हे मी लपवत नाही. खोटा धीर दिलेला माणूस पुढच्या वेळी फोन करत नाही. पण वरिष्ठांनी लेखी सांगायला हवं की अशा कारणाने गाडी थांबली तर वाहकाला जाब विचारला जाणार नाही आणि साक्षीचा दिवस कामाचा धरला जाईल. प्रशिक्षण फक्त खालच्या माणसाला देऊन भागत नाही. त्याच्या साहेबानेही त्या खुर्चीत अर्धा दिवस बसलं पाहिजे.

आशाताईंच्या वर्गात मात्र मीच जास्त शिकते. इथे एक आकडा सांगायला हवा. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या आणि पन्हाळा तालुक्यात तर आठशेच्याही कमी. साखर, दूध, पैसा, शिक्षण सगळं असलेल्या जिल्ह्याची ही गत होती. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले गेले आणि देशभर त्याची चर्चा झाली. पण त्याआधी ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्या आज पंचविशी-तिशीच्या असत्या. त्यांच्या वयाचे मुलगे गावोगाव लग्नावाचून बसले आहेत, आणि या पोकळीत एजंट शिरला आहे. तो दुसऱ्या जिल्ह्यातून, परराज्यातून मुलगी आणतो, दोन्हीकडून पैसे घेतो. काही संसार चांगले चालतात, हे मी पाहिलं आहे. काही ठिकाणी नवरदेवाचं घर फसतं, नवरी आठवड्यात दागिन्यांसह पसार होते आणि गाव तिला शिव्या घालतं. तिलाही कुणीतरी धाकात ठेवून घरोघरी बसवत असेल, हे कुणी विचारात घेत नाही. आणि काही घरांत खरोखर विकत आणलेली, भाषा न येणारी, कोवळ्या वयाची मुलगी असते.

तिच्यापर्यंत पोलीस पोचत नाही. आशा पोचते, कारण दिवस गेले की नोंद करायला तिला त्या घरात जावंच लागतं. भुदरगडकडच्या एका आशाताईने तिची रीत सांगितली : "सासू शेजारी बसलेली असली की मी कायबी इचारत न्हाई. अंगणवाडीत वजनाला ये म्हणतो. तितं आली की इचारतो, म्हायेरला फोन हुतो का? शेवटचं कवा गेलीस?" एवढे दोनच प्रश्न. माहेरचा फोन नंबर माहीत नसलेली, लग्नाला माहेरचं कुणीच आलेलं नव्हतं असं सांगणारी सून सापडली, की ती पुढचं पाऊल उचलते. आम्ही तिची ही रीत आता सगळीकडे सांगतो. वयाचं मात्र आम्ही शिकवलं. आधारवरची जन्मतारीख बघून 'अठरा पूर्ण' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. बाल न्याय कायद्याचा क्रम वेगळा आहे : आधी शाळेचा दाखला, मग ग्रामपंचायत किंवा पालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. आधार त्या यादीत नाही. लॉजच्या काउंटरवरही आणि मंगल कार्यालयातही हे कळायला हवं.

गडहिंग्लजला असा वर्ग असला की मला थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण तिथे हे काम माझ्यापेक्षा जुनं आहे. शाहू महाराजांनी १९२० मध्येच जोगतिणी-मुरळ्या सोडण्याविरुद्ध कायदा केला होता. तरी यल्लम्मा देवीला मुली सोडणं थांबलं नाही. या पट्ट्यातून त्या मुंबई, पुणे, सांगलीच्या वेश्यावस्त्यांत जात राहिल्या. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. बाबा आढाव, प्रा. विठ्ठल बन्ने आणि त्यांच्या सोबत्यांनी हा प्रश्न धर्माच्या आडोशातून बाहेर काढला. कर्नाटकाचा कायदा १९८२ चा, महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ चा. तिथल्या वर्गात देवदासी आईच्या पोटी जन्मलेली एक अंगणवाडी सेविका होती. माझं अर्धं बोलणं झाल्यावर ती म्हणाली, "मुलगी पळवत्यात असं सारखं म्हणू नगा ताई. ती घरातनंच जाते. देणारं बी घरचंच असतं." त्या दिवसानंतर माझ्या बोलण्याचा क्रम बदलला. अनोळखी माणसाबद्दल मी आता कमी बोलते. कर्ज, दुष्काळ, दारू, तीन बहिणींच्या पाठची चौथी, असं घर आतून कसं असतं त्याबद्दल जास्त बोलते.

उसाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या शेती विभागाशी गाठ पडते. उचल घेऊन येणारी प्रत्येक टोळी म्हणजे वेठबिगार नव्हे, आणि मुकादमही कधी कधी टोळीकडूनच बुडतो. पण उचल फिटेपर्यंत कुणाला फड सोडता येत नसेल, माणूस आजारी पडला तरी गावाला जाऊ दिलं जात नसेल, तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागू होतो. तिथे प्रांताधिकाऱ्यांनी चौकशी करून मुक्तीचा दाखला द्यायचा असतो. तातडीची मदत ३० हजार, पुढे पुनर्वसनासाठी एक ते तीन लाख. हे कारखान्याच्या चिटबॉयला माहीत असेल तर उपयोग आहे, कारण फडावर रोज जाणारा तोच. बाकी या विषयावर स्वतंत्रपणे लिहायला हवं.

आता सुटकेनंतरचं. माझ्या मते आपली व्यवस्था सगळ्यात जास्त इथे कमी पडते.

एका वसतिगृहात राहिलेल्या तरुणीला मी परिचारिकांच्या वर्गात बोलायला बोलावलं. ती आपणहून तयार झाली, काय सांगायचं आणि काय नाही हे तिनेच ठरवलं, आणि तिला तिच्या वेळेचं मानधन दिलं. वाचलेल्या व्यक्तीला फुकट, रडवण्यासाठी उभं करणं मला मान्य नाही. तिने विकलं गेल्याची गोष्ट सांगितली नाही. सुटकेच्या पहिल्या दिवसाची सांगितली. छाप्यात पहिल्यांदा विचारलं गेलं, मग ठाण्यात, मग दवाखान्याच्या केसपेपरवर, मग तपासणीच्या टेबलावर, मग बाल कल्याण समितीसमोर, मग वसतिगृहाच्या नोंदवहीत. प्रश्न एकच : तू तिथे कशी गेलीस? संध्याकाळपर्यंत तिने उत्तर बदललं, कारण पहिलं उत्तर कुणाला पटत नाही असं तिला वाटू लागलं होतं. पुढे खटल्यात बचावाच्या वकिलाने याच दोन उत्तरांवर बोट ठेवलं.

ती बोलून गेल्यावर आम्ही फळ्यावर रेघा आखल्या. तपास अधिकाऱ्याला काय कळायला हवं, डॉक्टरांना काय, सिस्टरला काय, समितीला काय, वसतिगृहाच्या अधीक्षकांना काय. सिस्टरला ती कशी विकली गेली हे कळण्याची गरजच नाही. तिला कुठे दुखतंय, पाळी कधी आली होती, कुठली औषधं चालू आहेत, काही प्यायला दिलं गेलं होतं का, हे कळायला हवं. 'टू फिंगर टेस्ट' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाकारली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं, तरी जुन्या छापील फॉर्मवर तो रकाना दिसला तर त्यावर रेघ मारा, असं मी स्पष्ट सांगते. लैंगिक अत्याचारातून आलेल्या व्यक्तीवर खासगी दवाखान्यानेही मोफत उपचार करायचे असतात. आणि तिची भाषा येत नसेल तर दुभाषी म्हणून त्याच वस्तीतली, 'मी तिची बहीण' म्हणणारी बाई जवळ बसवायची नाही. ती मालकिणीने पाठवलेली असू शकते.

छाप्यांबद्दल बोलताना मला दोन खऱ्या वाटणाऱ्या गोष्टी एकत्र धराव्या लागतात. अल्पवयीन मुलगी किंवा डांबून ठेवलेली बाई आत आहे असं कळलं, तर दार तोडायला उशीर होता कामा नये. पण सांगली जवळच आहे, आणि तिथे मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेमधून आणि 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'मधून वस्तीतल्या बायका गेली तीस वर्षं सांगत आल्या आहेत की 'सुटका' या नावाखाली प्रौढ बायकांनाही मनाविरुद्ध उचलून नेलं जातं, मुलं मागे राहतात, साठवलेले पैसे जातात, आणि महिनोन्महिने कोंडून ठेवलं जातं. मी त्यांचं म्हणणं ऐकलं आहे आणि ते मला पटतं. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सुधारगृहातून सोडताना सांगितलं की सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवता येणार नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही छाप्यात सज्ञान, स्वेच्छेने असलेल्या स्त्रियांना अटक, दंड, छळ करू नका असे निर्देश दिले. पोलिसांच्या वर्गात यावर वाद होतात. "मग आम्ही करायचं काय?" मी म्हणते, अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे 'पिटा'च्या, कलम १५ मध्येच आहे ते करा. महिला पोलीस सोबत न्या, सुटका झालेल्या स्त्रीची विचारपूस महिला अधिकाऱ्यानेच करू द्या, तशी कुणी नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेची बाई समोर बसवा. कॅमेऱ्यासमोर तोंडावर ओढणी घेतलेल्या बायकांची रांग उभी करू नका. लैंगिक अत्याचारातून आलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा स्वतःच गुन्हा आहे, आणि जिल्ह्याच्या बातमीत गावाचं नाव छापलं तरी ओळख पटते.

घरी परतलेल्या मुलीचा प्रश्न सगळ्यात लांब चालतो. खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो, साक्षीला दुसऱ्या राज्यातून यावं लागतं, तोवर तिचं लग्न झालेलं असतं आणि नवऱ्याला काही माहीत नसतं. मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ पासून त्यांच्या जवळच्या न्यायालयातून दूरदृश्य साक्षीची सोय करायला सांगितलं आहे. वकिलांना आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकांना हे सांगितलं की ते लगेच अर्ज करतात. गावात मात्र आशा, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांनीच भिंत होऊन उभं राहावं लागतं. एका पोलीस पाटलांनी परतलेल्या मुलीच्या घरी जाऊन चारचौघांत चहा घेतला. कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात ती मुलगी शिवणक्लासला जाऊ लागली. हे कुठल्या पुस्तिकेत नव्हतं. आता आमच्या पुस्तिकेत आहे.

राहिले ते लॉजवाले. मालक संघटनेच्या बैठकीला येतात, मान डोलावतात, फलक लावतो म्हणतात. पण रात्री दीड वाजता काउंटरवर असतो तो वीस-बावीस वर्षांचा, स्वतःच परगावाहून आलेला, महिन्याला जेमतेम पगार असलेला मुलगा. ओळखपत्राची झेरॉक्स घेणारा, खोलीची किल्ली देणारा, दार उघडणारा तोच. दिवसा तो झोपलेला असतो, म्हणून आमच्या कुठल्याच वर्गाला येऊ शकलेला नाही. मध्यवर्ती बसस्थानकाच्या आणि रेल्वे स्टेशनच्या आसपासच्या काही लॉजमालकांशी बोलणं झालं आहे. रात्री अकरा ते बारा, त्याच्याच काउंटरवर, दोन-दोन मुलांना एकत्र बसवून शिकवायचं. सोबत महिला पोलीस द्यायला ठाण्याने होकार दिला आहे. त्या तासाभरात नेमकं काय सांगायचं, याची टिपणं मी सध्या लिहिते आहे. पहिल्या ओळीवर आधारची जन्मतारीख आहे आणि दुसऱ्या ओळीवर १०९८ किंवा ११२ ला फोन करताना मालकाला आधी विचारायची गरज नाही, हे.